सतरा सीटा, सतराशे विघ्नं

हिंजवडीत माणसाचा मोठेपणा हुद्द्यावरून ठरत नाही, बेसमेंटमधल्या पार्किंगवरून ठरतो. ज्याला लिफ्टशेजारची जागा, तो साहेब. ज्याला खांबामागची, तो साहेब होण्याच्या वाटेवर. आणि ज्याला जागाच नाही, तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून मीटिंगमध्ये खिडकीशेजारची खुर्ची धरतो, म्हणजे टोइंगवाले आलेले दिसावेत. आमच्या कंपनीत या खिडकीवाल्यांची संख्या इतकी वाढली की मीटिंगमध्ये पडद्याकडे बघायला कुणी उरेना. तेव्हा वरून फर्मान निघालं. पार्किंग वाढवता येत नाही, तर गाड्या कमी करा. एका भागात राहणाऱ्यांनी एका गाडीतून यावं. कर्मचाऱ्यांसाठी व्हॅन सुरू करा.

फर्मान निघालं की समिती आलीच. समितीत मला घेतलं, कारण ती नेमली त्या बैठकीला मी हजर नव्हतो. बाकीचे सदस्यही याच पात्रतेवर निवडून आलेले. अपवाद दोघांचा. एक अकाउंट्सच्या मॅडम, ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे पाण्याचा जारही हलत नाही. आणि दुसरे सिएटलला काही वर्षं काढून आलेले एक आर्किटेक्ट. (इमारतींचे नव्हेत, सॉफ्टवेअरचे. पुण्यात हे दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर लोक फ्लॅटचा प्लॅन दाखवायला आणतात.)

आर्किटेक्टसाहेबांनी पहिल्या बैठकीत इतिहास सांगितला. ही कल्पना अमेरिकेतली, आणि तिकडेही दुखणं गाड्यांच्या गर्दीचंच होतं. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल इथे थ्रीएम ही कंपनी आहे. तिने १९७३ साली सहा व्हॅन घेतल्या आणि एकेका वस्तीतल्या कर्मचाऱ्यांना एकेका व्हॅनमध्ये बसवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा नळ पिळला, पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या आणि अमेरिकन माणसाला अचानक शेजाऱ्याबद्दल प्रेम वाटू लागलं. सिएटलच्या बाजूला तर किंग काउंटी मेट्रो ही सार्वजनिक वाहतूक संस्थाच १९७९ पासून लोकांना व्हॅन पुरवते. तिथे पगारी ड्रायव्हर नसतो. प्रवाशांपैकीच एकजण गाडी चालवतो, दुसरा हिशेब ठेवतो, आणि उरलेले वेळेवर येऊन गप्प बसतात.

‘‘गप्प?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘हो. कुणी वाचतं, कुणी झोपतं.’’

‘‘तास-तासभर?’’

यावर बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. परदेशातल्या दुःखांबद्दल ऐकलं की आपल्याकडे असं होतं.

मग सर्व्हे झाला. ‘व्हॅन सुरू झाल्यास आपण तिचा लाभ घ्याल का?’ या प्रश्नाला जवळपास सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. आम्ही हुरळलो. पण सर्व्हेत खरं उत्तर शेऱ्याच्या रकान्यात असतं, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यांनी तोच आधी उघडला. ‘व्हॅन सोसायटीच्या गेटपाशी यावी, आत आल्यास उत्तम.’ ‘हॉर्न वाजवू नये, फोन करावा.’ ‘फोन करू नये, मीटिंगमध्ये असतो, हॉर्न वाजवावा.’ ‘परतताना भाजीसाठी दोन मिनिटं थांबावं.’ ‘व्हॅनमध्ये कामाच्या गप्पा नकोत.’ ‘व्हॅनमध्ये राजकारणाच्या गप्पा नकोत.’ एकाने नुसतंच लिहिलं होतं, ‘गप्पा नकोत.’ त्यांना आम्ही मनोमन सिएटलच्या यादीत टाकलं. आणि एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘योजना स्तुत्य आहे. मी माझी गाडी आणीन. पण बाकीच्यांनी जरूर जावं, म्हणजे रस्ता मोकळा मिळेल.’ सगळ्या अर्जांत प्रामाणिक अर्ज हा एकच.

पत्त्यांचा घोळ वेगळा. निम्म्या लोकांनी ‘कोथरूड’ लिहिलेलं. नकाशावर टाचण्या टोचायला घेतल्या तर काही वारज्याला निघाल्या, काही शिवण्याला, आणि एक टाचणी खडकवासल्याच्या पाण्यात पडता पडता राहिली. बिल्डरच्या माहितीपत्रकात कोथरूड कुठवर पसरतं याला सीमा नाही, आणि तिथे फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं नाव काढून घेणं निर्दयपणाचं आहे.

गाडी कोणती घ्यायची यावर आम्ही दोन बैठका ठेवल्या होत्या. मॅडमनी दोन मिनिटांत संपवल्या. पुण्यात एवढ्या माणसांसाठी गाडी म्हटलं की आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर. त्यात चर्चा नाही. प्रश्न किती सीटांची, एवढाच.

‘‘बारा सीटर बरी आहे,’’ आर्किटेक्टसाहेब म्हणाले. ‘‘ड्रायव्हर धरून तेरा.’’

‘‘तेरा नको.’’

‘‘अपशकुनी म्हणून?’’

‘‘जीएसटी म्हणून.’’

ड्रायव्हर धरून तेरा किंवा त्याहून कमी माणसांची गाडी भाड्याने घेतली, तर तिच्या भाड्यावर भरलेल्या कराची वजावट एरवी मिळत नाही. चौदावा माणूस बसण्याची सोय असली की वाट मोकळी होते. म्हणून सतरा सीटर. पुढच्या सगळ्या विघ्नांचं मूळ या एका कलमात आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण कोथरूडच्या खऱ्याखुऱ्या हद्दीत, एका वेळी निघणारी, घरून काम न करणारी आणि परस्परांशी बोलणारी सतरा माणसं आमच्याकडे नव्हती. सीटा भरायच्या म्हणून रस्ता एका बाजूला कर्वेनगरपर्यंत ताणला, दुसऱ्या बाजूला बालेवाडीवाले घेतले. शर्ट आधी शिवून मग त्यात मावणारी माणसं शोधायची, असला तो प्रकार.

आपल्यातल्याच एकाने गाडी चालवायची ही अमेरिकन तऱ्हा मात्र जागच्या जागी बारगळली. काही ठिकाणी तिकडे चालवणाऱ्याला भाडं माफ असतं आणि शनिवार-रविवारी व्हॅन घरी वापरता येते, असं कळताच तिघांनी नावं दिली होती. एकाने महाबळेश्वरचं बुकिंगही बघायला घेतलं. पण आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली की आरटीओच्या लेखी तो धंदा होतो, आणि धंद्याला पिवळी पाटी आणि परमिट लागतं. कंपनीने आपल्या कामासाठी आपली माणसं ने-आण करायला ठेवलेल्या, सहापेक्षा जास्त प्रवाशांच्या गाडीची स्वतंत्र व्याख्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. तिची गंमत अशी की भाडं घ्यायचं नाही आणि परमिट तरीही काढायचं. तेव्हा आम्ही सरळ एका ट्रॅव्हल्सवाल्याला गाठलं. त्याने दर सांगितला, किलोमीटर सांगितले आणि वर डेड किलोमीटर सांगितले. गाडी त्याच्या गॅरेजपासून पहिल्या स्टॉपपर्यंत रिकामी येते आणि रात्री रिकामी परत जाते, त्याचेही पैसे. कर्वेनगरच्या पहिल्या स्टॉपपर्यंतचं अंतर त्याने इतकं सांगितलं की गॅरेज साताऱ्यात असावं असा मॅडमना संशय आला. त्या स्वतः जाऊन बघून आल्या. डेड किलोमीटर निम्म्यावर आले.

आता रस्ता. ही या योजनेतली सगळ्यात रसाळ जागा आहे, त्यामुळे जरा टेकून बसा.

कर्वेनगर, कर्वे पुतळा, डहाणूकर कॉलनी, कोथरूड डेपो, चांदणी चौक, मग हायवेने बालेवाडी आणि वाकडवरून हिंजवडी. कागदावर ही रेघ सरळ दिसते. पण सकाळी जो पहिला चढतो तो संध्याकाळी शेवटी उतरतो. आणि सकाळी जो शेवटी चढतो, म्हणजे बालेवाडीवाला, तोच संध्याकाळी पहिला उतरून घरी जातो. एकाच माणसाला दोन्ही वेळा सुख आणि एकाच माणसाला दोन्ही वेळा शिक्षा. भूगोलाचं हे साधं तत्त्व आहे. पण आमच्या क्वालिटी विभागातले एक गृहस्थ कर्वेनगरला राहतात, आणि विषमता दिसली की ते डिफेक्ट नोंदवतात. त्यांनी प्रस्ताव आणला: सकाळी रस्ता आहे तोच, पण संध्याकाळी व्हॅनने आधी थेट कर्वेनगरला जावं आणि तिथून उलटं सोडत सोडत बालेवाडीला यावं. जो सकाळी पहिला चढला तो संध्याकाळी पहिला उतरेल. न्याय.

बालेवाडीवाल्यांनी शांतपणे हिशेब मांडला. ‘‘म्हणजे संध्याकाळी मी माझ्या घरावरून कर्वेनगरला जायचं आणि तिथून पुन्हा माझ्या घरी यायचं.’’

‘‘तत्त्वतः, हो.’’

‘‘मिसेस गॅलरीत उभी असते. जाताना हात करू का?’’

प्रस्ताव मताला टाकला. कर्वे पुतळ्याने बाजूने मत दिलं, चांदणी चौकाने विरोधात, आणि कोथरूड डेपो तटस्थ राहिला. डेपो मध्यावर पडतो. त्याला दोन्हीकडून सारखंच. भाड्याच्या वेळीही मतं अशीच पडली. कर्वेनगरचं म्हणणं, सीट एक तर भाडं एक. बालेवाडीचं म्हणणं, किलोमीटरप्रमाणे. डेपोचं म्हणणं, सरासरी काढा. माणसाची नीतिमूल्यं त्याच्या घरापासून हायवे किती लांब आहे यावर ठरतात, हे मी या समितीत शिकलो.

रस्ता ठरल्यावरही तो ठरलेला राहत नाही, कारण व्हॅनमधल्या प्रत्येकाला दुसरा रस्ता माहीत असतो. एक ठाम पाषाण-सूस रोडवाला. एक बाणेरमधल्या कुठल्याशा सोसायटीच्या मागून निघणाऱ्या बोळाचा भक्त; तो बोळ त्यानेही अजून उघडा पाहिलेला नाही. चांदणी चौकात तर मतभेदाला स्थापत्याचाच पाठिंबा आहे. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला. तोही पहिल्या धमाक्यात पुरता पडला नाही, उरलेला यंत्रं लावून काढावा लागला. कोथरूडच्या हद्दीवरचा पूल एका सांगण्यात पडेल ही अपेक्षाच चूक होती. आता तिथे इतके रॅम्प आहेत की एक चुकला की हिंजवडीऐवजी माणूस मुळशीच्या वाटेला लागतो. पावसाळी सकाळी तो चुकावा असं व्हॅनमधल्या निम्म्या लोकांना वाटत असतं, पण ते मिनिट्समध्ये येत नाही.

मेट्रोचा विषय एकाने काढला होता. माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंतची तिसरी मार्गिका, २३ स्थानकं. पण कोथरूडच्या माणसाने पश्चिमेला जाण्यासाठी आधी पूर्वेला शिवाजीनगर गाठायचं, याला त्याचा अहंकार परवानगी देत नाही.

मग सीटा. सीटवर हक्क सांगायची आपली पद्धत एसटीने घालून दिलेली आहे: खिडकीतून रुमाल टाकायचा. गाडी एसी, काचा बंद, ही पहिली अडचण. मग पहिल्या स्टॉपवर चढणारे पुढच्या मित्रमंडळींसाठी जागा धरू लागले. डबा ठेव, लॅपटॉपची बॅग ठेव, एकाने तर नुसतं हेल्मेट ठेवलं. व्हॅनने जाणाऱ्या माणसाकडे हेल्मेट का, हे कुणीच विचारलं नाही. अखेर एका मुलीने पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांवर नावं लिहून ती सीटांना लावली. या चिठ्ठ्याही थ्रीएमच्याच. ज्या कंपनीने व्हॅनची ही तऱ्हा काढली, तिनेच व्हॅनमधल्या भांडणावरचा इलाजही करून ठेवला होता. एसीच्या वाऱ्याने त्या दुसऱ्याच दिवशी गळून पडल्या आणि क्वालिटीवाले तीन नावांवर बसलेले आढळले.

एसीबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांचं लग्न झालंय त्यांना सगळं ठाऊक आहे.

व्हॅनने खरा घाव घातला तो उशिराच्या सबबीवर. इतकी वर्षं हिंजवडीत ‘वाकडला अडकलोय’ हे वाक्य चलनी नोट होतं. ते डहाणूकरमध्ये दाढी करता करताही म्हणता यायचं. आता एकाच गाडीत चार टीमची माणसं. एकजण फोनवर सांगतो, ‘‘भूमकर चौकात आहे’’. मागच्या सीटवरून दुसरा सांगतो, ‘‘बालेवाडी स्टेडियम क्रॉस केलं’’. आणि गाडी चांदणी चौकात उभी. त्यातून ट्रॅव्हल्सवाल्याने जीपीएस लावलेला, आणि त्याची लिंक साहेबांच्या मोबाइलवर. पहिल्या आठवड्यात बरीच अब्रू गेली. दुसऱ्या आठवड्यात लोक शहाणे झाले. आता फोन करण्याआधी आपसात विचारतात, ‘‘आपण कुठे आहोत?’’ आणि सगळे एकच जागा सांगतात. टीमवर्क वाढावं म्हणून कंपनीने दर वर्षी लोणावळ्याला शिबिरं घेतली, त्यात जे साधलं नाही ते इथे साधलं.

मग मोबाइलवर व्हॅनवाल्यांचा ग्रुप. ‘फक्त व्हॅनसंबंधी संदेश टाकावेत’ असा नियम करून निघाला. संकष्टीला त्यावर चंद्रोदयाची वेळ आली. ती व्हॅनसंबंधी कशी, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की त्या दिवशी साबुदाण्याचा डबा असतो, दुसऱ्या कुणी वडापावचं पार्सल व्हॅनमध्ये आणू नये.

एक गोष्ट मात्र बिनबोभाट चालली, ती रात्रीची गाडी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षितता व वाहतुकीची जबाबदारी मालकाची. तिथे सर्व्हे नव्हता, मतदान नव्हतं, शेऱ्याचा रकाना नव्हता. गाडी दारात जाते, सोबत माणूस असतो, ट्रिप शीटवर सही होते, संपलं. दिवसाच्या व्हॅनसाठी आम्ही जेवढ्या बैठका घेतल्या, त्यातली एकही रात्रीच्या गाडीला लागली नाही. लोकशाहीवर माझी श्रद्धा आहे. पण सकाळी पावणेआठला नाही.

कारण सगळ्या भांडणांचं भांडण होतं दोन मिनिटांचं. नियमच तसा लिहिला होता: ‘व्हॅन प्रत्येक स्टॉपवर दोन मिनिटं थांबेल.’ हा नियम लिहिणारे आमचे डिलिव्हरी हेड. पुण्यात दोन मिनिटं हे वेळेचं माप नाही, तो स्वभाव आहे. ‘आलोच’ म्हणणारा माणूस तेव्हा लिफ्टमध्ये नसतो, शॉवरखाली असतो. पाच स्टॉपांचे दोन-दोन मिनिटांनी दहा होतात, आणि हायवेला दहा मिनिटं उशिरा लागलेली व्हॅन हिंजवडीच्या शिवाजी चौकात अर्धा तास उशिरा पोचते. हे गणित सगळ्यांना येतं, इंजिनियरच आहेत. पण जो तो ते दुसऱ्याच्या स्टॉपसाठी मांडतो.

माझ्या लहानपणी टेल्को कंपनीची बस आमच्या चौकातून जायची. तिची वाट बघणाऱ्यांचा सर्व्हे कुणी घेतला नव्हता. डबा हातात धरून धावत येणारे काका मी पाहिलेत, बस सुटल्यावर मुकाट्याने सायकल काढणारेही पाहिलेत. बस थांबली नाही म्हणून रागावलेला मात्र एकही नाही. ती बस कंपनीची होती, म्हणून माणूस धावायचा. आमची व्हॅन ‘आपली’ आहे, म्हणून ती थांबली पाहिजे. माझ्या मते व्हॅनच्या योजना मोडतात त्या इथे. डिझेलच्या भावाने नाही, खड्ड्यांनी नाही, आपलेपणाने.

आमची मोडली नाही, याचं श्रेय समितीला नाही, ड्रायव्हरकाकांना आहे. काका मितभाषी. सूचना ऐकून घेतात, ‘‘बरं साहेब’’ म्हणतात आणि आपल्याच रस्त्याने जातात. सुरुवातीला ते सगळ्यांसाठी थांबायचे. मग एका सोमवारी डहाणूकरच्या स्टॉपवर दोन मिनिटं झाली आणि काकांनी गिअर टाकला.

‘‘काका, थांबा, हेड यायचेत!’’

‘‘किती थांबायचं, ते त्यांनीच लिहिलंय ना, ताई?’’

आरशात दिसलं: डिलिव्हरी हेड, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली पोळी, चौकात मधोमध. गाडीत कुणी श्वास घेतला नाही. कोथरूड डेपो येईपर्यंत एकही दुसरा रस्ता सुचवला गेला नाही. हेड रिक्षाने आले आणि तक्रार करू शकले नाहीत; नियमाखाली सही त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी ते स्टॉपवर व्हॅनच्या आधी हजर होते, आणि त्यांच्यामागोमाग, हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने, सगळं डहाणूकर.

तेव्हापासून व्हॅन चालू आहे. शुक्रवारी निम्मी रिकामी जाते, कारण शुक्रवारी लोकांना घरूनच चांगलं काम सुचतं. खांबामागच्या पार्किंगच्या काही जागा मोकळ्या झाल्या आहेत. क्वालिटीवाल्यांचा न्यायाचा प्रस्ताव अजून प्रलंबित आहे.

कोथरूड डेपोची एक सीट सध्या रिकामी आहे. तिचे धनी बंगळूरला बदलून गेले. मागच्या चाकावरची सीट आहे, पाय थोडे वर घ्यावे लागतात, खिडकी मिळणार नाही. आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीत असाल तरी चालेल. मॅडमची हरकत परक्या माणसाला नाही, रिकाम्या सीटला आहे. महिन्याचं भाडं पूर्ण द्यावं लागेल, रजेचे पैसे वजा होणार नाहीत. गाडी डेपोला सात-चाळीसला येते, आणि काकांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं.